मेथी उशिरा आली आणि रोही आडवा झाला: भाजीच्या पिकअपचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

डिसेंबरातल्या एका रात्री आमच्या भाजीच्या पिकअपने रोह्याला, म्हणजे नीलगायीला, धडक दिली, त्याचं हे प्रकरण. वर्धा जिल्ह्यातलं एक गाव, बोरच्या जंगलापासून फार लांब नाही. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम देत नाहीये, आमच्याकडे गाडीचा रंग सांगितला तरी लोक मालकाचं नाव सांगतात. मी तिथल्या भाजीपाला गटाचा हिशोब बघतो त्यामुळे या भानगडीतले सगळे कागद माझ्या हातून गेले, आणि ड्रायव्हर, त्याच्या बाजूला बसलेले काका, जागलीवरचा (रात्री शेत राखणारा) पोरगा, गाडीमालक, सगळ्यांशी वेगवेगळं बसून बोलणं झालं. सगळ्यांचं म्हणणं जुळत नाही. जिथे जुळत नाही तिथे तसं लिहिलंय.

गटात डझनभर शेतकरी आहेत. फुलकोबी, वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, हिवाळ्यात हाच माल. भाड्याची एक पिकअप ठरलेली, ती रात्री एकच्या सुमारास गावातून निघते, चौदा किलोमीटर आतला रस्ता, मग हायवे, मग नागपूरचं कळमना मार्केट. पहाटे चारच्या आत माल लागला तर भाव मिळतो, नंतर अडत्या म्हणतो आता उद्या या, म्हणजे मेथी-सांभार फेकायचाच.

तो चौदा किलोमीटरचा रस्ता आधी खड्ड्यांचा होता. तेव्हा कोणी चाळीसच्या वर जात नव्हतं, जाऊच शकत नव्हतं. रोही तेव्हाही होते, रानडुकरं तेव्हाही होती, पण धडक झाल्याचं फारसं आठवत नाही कोणाला. मग डांबरीकरण झालं, मस्त गुळगुळीत, आणि गाड्या सत्तर-ऐंशीने जायला लागल्या. रस्ता चांगला झाला म्हणून तक्रार करणारे आम्ही नाही, पण रस्ता बदलला आणि आमची सवय त्याच्यासोबत बदलली, जनावरांची नाही बदलली, एवढं मान्य करावं लागेल.

बाहेरच्या वाचकांसाठी, रोही हे जनावर कसं ते सांगतो. मोठा नर दोनशे किलोच्या वर जातो, पाय लांब, त्यामुळे गाडीने धडक दिली की पाय खालून निघून जातात आणि सगळं धड बोनेटवरून काचेवर येतं. पिकअपला बोनेट किती, हातभर. म्हणजे काच आणि माणूस यांच्यामध्ये काहीच नाही.

डिसेंबरची आणखी एक गोष्ट. त्या वेळी तूर उभी असते, माणसाच्या डोक्याएवढी, आणि आमच्याकडे लोक तूर अगदी रस्त्याच्या कडेपर्यंत पेरतात, साइडपट्टीसुद्धा सोडत नाहीत. तुरीत दहा रोही उभे असले तरी रस्त्यावरून एक दिसत नाही. पहिलं दर्शन होतं ते डांबरावरच.

त्या रात्री काय झालं

लोडिंग बाराला संपायला पाहिजे होतं. एका शेतकऱ्याच्या मेथीच्या जुड्या बांधायच्या राहिल्या होत्या, बाया संध्याकाळी लवकर गेल्या, घरच्याच लोकांनी बॅटरीच्या उजेडात बांधल्या, त्यात दोन वाजले. ड्रायव्हर गाडी चालू करून तिथेच बसलेला, हॉर्न मारतोय. आमच्याकडे त्याला सगळे भाऊच म्हणतात, तर इथेही भाऊच म्हणू. बारा वर्षांपासून मार्केटची लाइन चालवतो, दारू नाही, खर्रासुद्धा सोडलेला. म्हणजे "ड्रायव्हरच तसा होता" असं म्हणून हे प्रकरण मिटवता येत नाही.

सव्वादोनला गाडी निघाली. बाजूला काका बसले, फुलकोबी त्यांची जास्त होती म्हणून पट्टी (विक्रीच्या हिशोबाचा कागद) घ्यायला ते स्वतः चालले होते. काकांच्या सांगण्यानुसार काटा सत्तरवर होता, भाऊ म्हणतो साठ-पासष्ट. हलकं धुकं होतं, नाल्याजवळ जास्त.

नऊ-दहा किलोमीटर गेल्यावर समोरून कापसाची गाडी आली, जिनिंगकडे जाणारी, दोन्ही बाजूंनी बोरे बाहेर आलेले. भाऊने डिपर दिला, म्हणजे लाइट खाली केला, त्याने दिला नाही. त्याच्या लाइटने डोळे दिपले. गाडी बाजूने गेली, आणि भाऊने अप्पर लाइट परत लावायच्या आत डावीकडच्या तुरीतून एक रोही निघाला. मादी होती, भुरकी. भाऊने ब्रेक मारला, बऱ्यापैकी जोरात, मागे क्रेट सरकल्याचा आवाज आला. मादी रस्ता ओलांडून गेली.

काका म्हणतात, "मी म्हटलं गेली बा एकदाची, अन् यानं गाडी उचलली." भाऊही हे नाकारत नाही. ब्रेकवरचा पाय ॲक्सिलरेटरवर गेला, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ओढत होती, नजर उजवीकडे, गेलेल्या मादीकडे. आणि डावीकडून नर आला. काळाभोर, उजेडात आला तेव्हा बंपरपासून एका गाडीच्या अंतरावर असेल. डावं हेडलाइट, डावा खांब, काच, सगळं एकदम.

भाऊने स्टिअरिंग ओढलं नाही. मला ही त्या रात्रीची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते आणि नंतरच्या चर्चेत हिच्याबद्दल कोणी बोललंच नाही. मागे सव्वा टन माल, क्रेट डोक्याच्या वर रचलेले, उजवीकडे चार फूट खोल नाली. स्टिअरिंग ओढलं असतं तर पिकअप उलटलीच असती आणि हा लेख वेगळ्या कारणाने लिहावा लागला असता. त्याने सरळ ब्रेक दाबून धरला, गाडी आपल्याच लाइनीत थांबली.

काकांनी बेल्ट लावला नव्हता. बेल्ट होता, सीटच्या मागे खोचलेला, कारण तो लावला की बसणाऱ्या माणसाला गुदमरतं म्हणे. डोकं डॅशबोर्डवर, गळपट्टीचं हाड मोडलं. भाऊच्या हातात काच घुसली. नर रस्त्यावर पडलेला, जिवंत, मागचे पाय झाडत होता.

धडकेनंतरची पहिली वीस मिनिटं

इथे एकामागे एक बरेच निर्णय घ्यावे लागले आणि ते अंधारात, घाबरलेल्या माणसांनी घेतले, हे वाचताना लक्षात ठेवा.

पहिला निर्णय गाडीचा. ती रस्त्याच्या मधे, वळणापासून जेमतेम शंभर मीटर, धुक्यात. भाऊने पार्किंग लाइट लावले, त्यातला एकच मागचा लाइट चालू. त्रिकोणी रिफ्लेक्टर गाडीत नव्हता. त्याने तुरीची चार-पाच झाडं उपटली आणि मागे पन्नास पावलांवर रस्त्यात टाकली, वर दगड. ते काम त्याने काकांकडे बघायच्या आधी केलं, आणि काकांच्या घरच्यांना त्याचा राग आजही आहे. माझं मत भाऊच्या बाजूने आहे. काका बोलत होते, शुद्धीत होते, आणि मागून दुसरी कापसाची गाडी येऊन धडकली असती तर काकांसकट सगळेच गेले असते. दहा मिनिटांत एक ट्रक आलाच, झाडं बघून हळू झाला, शिव्या देत बाजूने काढला.

दुसरा निर्णय काकांचा. १०८ ला फोन लावला, लागला. ॲम्ब्युलन्स यायला अर्धा तास म्हणाले. तोपर्यंत गावातून कोणी बाइकवर न्यायला तयार होतं, भाऊने नाही म्हटलं, हाड मोडलेल्या माणसाला बाइकवर नको. बरोबर केलं.

तिसरा निर्णय जनावराचा, आणि इथे गर्दी जमली. बाजूच्या शेतात जागलीला असलेला पोरगा बॅटरी घेऊन आला, त्याच्या मागे अजून तिघे. एकाचं म्हणणं, ओढून नालीत टाका आणि निघा, फॉरेस्टवाल्यांना कळवलं तर गाडी जप्त होते, कोर्टकचेरी होते, धंदा बसतो. दुसऱ्याचं म्हणणं मी इथे लिहीत नाही, पण तो घरी सुरा आणायला निघाला होता एवढं सांगतो. अशांना सांगून ठेवतो, वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मेलेला वन्यप्राणीही सरकारची मालमत्ता असतो, मांस नेलं की साधा अपघात राहत नाही, तो गुन्हा होतो आणि तो नेणाऱ्याच्या अंगावर येतो. एक जण पाणी पाजायला जवळ गेला तर रोह्याने असा पाय झाडला की बॅटरी हातातून उडून गेली. नशीब की बॅटरीच गेली. जखमी रोही गरीब दिसतो, पण त्याच्या लाथेने माणसाचं हाड मोडतं, त्याच्या जवळ जायचं काही कारण नाही.

भाऊने १९२६ ला फोन केला, वनखात्याची हेल्पलाइन. जागलीवरच्या पोराकडे बीटच्या वनरक्षकाचा नंबर होता, त्यालाही लावला. दोन्ही केले हे चांगलं झालं, कारण वनरक्षक बाजूच्याच गावात राहणारा, तो आधी पोचला. तो येईपर्यंत नर मेला होता.

पंचनामा झाला, फोटो काढले, टायरच्या खुणा मोजल्या, भाऊचा जबाब घेतला, लायसन्स, आरसी, इन्शुरन्स बघितलं. गाडी सकाळी कार्यालयात न्यावी लागली, दुपारी सोडली. सगळ्यांना ज्या जप्तीची भीती होती ती या प्रकरणात झाली नाही. प्रत्येक वेळी असंच होईल असं म्हणत नाही, वाघ-बिबट्या असता तर चौकशी वेगळी झाली असती, पण पळून गेलो असतो आणि तुटलेला हेडलाइट तिथे सापडला असता तर काय उत्तर दिलं असतं हा विचार करा.

माल दुसऱ्या पिकअपमध्ये भरून पाठवला, सहा वाजले मार्केटला. फुलकोबी गेली, पडेल भावात. मेथी परत आली.

अडचण नेमकी कुठे होती

गटाची बैठक झाली तेव्हा पहिला तासभर रोह्यांना शिव्या देण्यात गेला, त्यात माझाही आवाज होता, कारण आमचं हरभरा-तुरीचं नुकसान खोटं नाही. नंतर मग मुद्द्यावर आलो.

मी कागदावर हिशोब मांडला. सत्तरच्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास साडेएकोणीस मीटर जाते. जनावर दिसलं, डोक्याला कळलं, पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद धरा, रात्री दोनला त्यापेक्षा कमी नाहीच लागत. म्हणजे एकोणतीस मीटर ब्रेक लागायच्या आधीच गेले. त्यानंतर भरलेली गाडी थांबायला अजून तीसेक मीटर. एकूण साठ. आणि डिपरचा उजेड कामाचा किती, तर चाळीस-पन्नास मीटर, धुक्यात त्याहून कमी. म्हणजे डिपरवर सत्तरने चालवणारा माणूस जे बघू शकतो त्याच्या आत थांबूच शकत नाही, मग तो कितीही सावध असो. चाळीस मीटरवर दिसलेल्या जनावराला तो पंचावन्नच्या आसपासच्या वेगाने धडकणार, ब्रेक दाबलेला असताना.

तोच हिशोब पंचेचाळीसला केला तर एकूण बत्तीस मीटर. उजेडाच्या आत.

मग कोणीतरी विचारलं, पंचेचाळीसने गेलो तर किती उशीर होईल. चौदा किलोमीटरला सत्तरने बारा मिनिटं, पंचेचाळीसने एकोणीसच्या आत. फरक सात मिनिटांचाही नाही. बैठकीत हे ऐकून एकदम शांतता झाली, कारण मेथीच्या जुड्यांसाठी गाडी सव्वा तास उभी होती आणि तो सव्वा तास रस्त्यावर भरून काढायचा प्रयत्न चालला होता, जिथे जास्तीत जास्त सात मिनिटं मिळणार होती.

भाऊचं म्हणणं वेगळं होतं आणि त्यात तथ्य आहे. तो म्हणाला पहिल्या रोह्याला तर मी थांबवलीच ना, दुसऱ्याच्या वेळी गाडी सत्तरवर नव्हतीच. खरं आहे, धडक तीस-पस्तीसने झाली असेल. तिथे चूक वेगाची नव्हती, एक जनावर गेलं म्हणजे झालं असं समजण्याची होती. जागलीवरचा पोरगा हे ऐकून हसला, "रोही एकटा कधी पाह्यला का तुम्ही? मांगून येतेच ना." शेतात आपल्याला सगळ्यांना हे माहीत असतं, तिथे एक दिसला की आपण पाच मोजतो. गाडीत बसलो की विसरतो.

अजून एक गोष्ट याच पोराकडून कळली आणि ती मला आधी सुचली नसती. त्या रात्री त्यानेच दोनच्या सुमारास कळपाला हाकललं होतं, फटाका फोडून. त्याच्या शेताच्या तीन बाजूंना झटका मशीनची तार आहे, उघडी बाजू रस्त्याकडची. म्हणजे जनावराला पळायला एकच वाट, रस्ता. पलीकडच्या शेतालाही तार. मग रोही रस्त्यानेच लांबवर पळतात जोपर्यंत तार संपत नाही. प्रत्येकाने आपलं शेत वाचवलं आणि सगळ्यांनी मिळून जनावरं त्याच डांबरावर आणून सोडली.

आणि लाइटचं. मेकॅनिकने नंतर दाखवलं, माल भरला की पिकअपचं मागचं बूड खाली बसतं, तोंड वर होतं, हेडलाइट झाडाच्या शेंड्याकडे. समोरच्याचे डोळे दिपतात म्हणून तोही डिपर देत नाही, आणि आपल्याला मात्र जवळचा रस्ता अंधारात. लाइटचं सेटिंग कायम रिकाम्या गाडीवर केलेलं.

समोर असलेले पर्याय

रात्रीची फेरी बंद करून संध्याकाळी सातला माल पाठवायचा, हा पहिला. पालेभाजी रात्रभर मार्केटमध्ये पडून राहणार, वर मुक्कामाचा खर्च. शिवाय संध्याकाळचा अंधार पडतानाचा वेळ जनावरांच्या हालचालीचाच असतो, पहाटेचाही. त्यामुळे धोका जातो असं नाही. सोडून दिला.

दुसऱ्या रस्त्याने जायचं, बावीस किलोमीटर जास्त, मोठी गावं लागतात, रस्त्यावर उजेड. डिझेल वाढतं. यावर मतभेद झाले, शेवटी धुकं असेल तेव्हाच असं ठरलं.

गाडीवर एलईडी पट्टी लावायची, हा तरुण पोरांचा आवडता. समोरच्याला आंधळं करणारी पट्टी लावून आपणच धोका वाढवतो, आणि तेवढ्या उजेडात जनावर पळायच्या ऐवजी जागेवर खिळून उभं राहतं. बंपरला लावायच्या शिट्ट्याही ऑनलाइन मिळतात, हवेने वाजतात आणि म्हणे जनावर पळतं. परदेशात त्यांच्या तपासण्या झाल्यात आणि धडका कमी झाल्याचं काही दिसलं नाही. मालकाने तरी दोन मागवल्या होत्या, त्या अजून डब्यात आहेत.

बांधकाम खात्याकडे गतिरोधक आणि बोर्डसाठी अर्ज, हा करायचाच होता, पण त्यावर विसंबून बसायचं नाही हेही ठरलं. खाली रस्ता जनावरांना आणि वर गाड्यांना, असंही करता येतं, पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या नागपूर-सिवनी हायवेवर तसे भुयारी मार्ग केलेत आणि त्यातून वाघसुद्धा जाताना कॅमेऱ्यात दिसलेत. पण तो चौपदरी राष्ट्रीय महामार्ग. आमच्या चौदा किलोमीटरसाठी कोण बांधणार. आणि महामार्गावरही सगळीकडे झालंय असं नाही, बोरचा बाजीराव नावाचा वाघ २०१७ च्या डिसेंबरअखेर बाजारगावजवळ हायवेवर गाडीच्या धडकेने मेला, २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवेगाव-नागझिऱ्याच्या भागात मुरदोलीजवळ असाच एक तरुण वाघ गेला. त्या दोन्हींच्या बातम्या झाल्या. रोह्याची होत नाही, डुकराची तर नाहीच.

काय केलं

लोडिंग बाराला बंद. जो माल बाराला गाडीपाशी नाही तो दुसऱ्या दिवशी. पहिल्या आठवड्यात यावरून दोन भांडणं झाली, एक तर माझ्याशीच, कारण वहीत वेळ लिहिणारा मी. मेथीवाल्याने जुड्या बांधणं संध्याकाळऐवजी दुपारी चारला सुरू केलं, बायांची मजुरी थोडी वाढवून, जुड्यांवर ओलं पोतं टाकून ठेवतो. त्याने काही बिघडलं नाही.

आतल्या रस्त्यावर पंचेचाळीस, तुरीचा पट्टा आणि नाला इथे पस्तीस. उशीर झाला तर ड्रायव्हरचं भाडं कापायचं नाही, हे मालकाकडून कबूल करून घेतलं. हे नसतं केलं तर बाकी सगळं कागदावरच राहिलं असतं. वेग कमी कर म्हणायचं आणि उशिराचे पैसेही कापायचे, असं चालत नाही.

एक जनावर आडवं गेलं की पूर्ण थांबायचं, डिपर करायचा, एक-दोन छोटे हॉर्न, दहा मोजायचे, मग पहिल्या गिअरमध्ये पुढे. आणि बघायचं ते जिकडे गेलं तिकडे नाही, जिकडून आलं तिकडे. समोरून गाडी येत असेल तर ती बाजूने जायच्या आधीच वेग कमी, कारण ती गेल्यावरचे दोन सेकंद आपण आंधळेच असतो. सोबत बसलेल्याने मोबाइल बघायचा नाही, डावी कड बघायची. काकांच्या जागेवर आता जो बसतो तो बेल्ट लावतो, म्हणजे बहुतेक वेळा.

हेडलाइट भरलेल्या गाडीवर सेट करून घेतले, दोन्ही टेललाइट, रिफ्लेक्टर त्रिकोण, बॅटरी. काच आतून पुसायची, बाहेरून सगळेच पुसतात.

जागलीवाल्यांचा आणि पिकअपवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप केला. गाडी निघाली की "निघालो" एवढाच मेसेज. त्यानंतर अर्धा तास रस्त्याच्या दिशेने जनावर हाकलायचं नाही, हाकलायचंच असेल तर नाल्याकडे. जागलीवाल्याला कळप रस्त्याजवळ दिसला तर तो बॅटरीने रस्त्यावर उजेड गोल फिरवतो. दोघा-तिघांनी तारेला नाल्याच्या बाजूने वाट सोडली. बाकीच्यांनी नाही सोडली, त्यांचं म्हणणं ती वाट शेजाऱ्याच्या हरभऱ्यात जाते, आणि ते खरं आहे.

निकाल

गाडीचा खर्च साठ हजारांच्या वर गेला आणि तो सगळा मालकाच्या खिशातून, कारण पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची. जनावराच्या धडकेत आपल्याच गाडीचं नुकसान होतं, ते थर्ड पार्टीत बसत नाही, फुल इन्शुरन्स पाहिजे. काकांचं वेगळं. माल नेणाऱ्या गाडीत मालाचा मालक सोबत असेल तर कायद्याने थर्ड पार्टी पॉलिसी त्याला धरते, पण माल त्यांचा होता हे दाखवायला पावती पाहिजे. आमच्याकडे लोडिंगची वही होती म्हणून पुढे काही बोलता आलं. ते प्रकरण अजून चालू आहे म्हणून जास्त लिहीत नाही.

त्या हंगामात उरलेल्या दिवसांत पिकअपला धडक झाली नाही. भाऊला चार-पाच वेळा तरी पूर्ण थांबावं लागलं, एकदा पहिल्या मादीमागून सात निघाले. मार्केटला उशीर झाला तो एकदा, टायर पंक्चर झालं म्हणून.

पण फेब्रुवारीत गटातल्याच एका पोराने पहाटे बाइकवर रानडुकराला धडक दिली, त्याच पट्ट्यात. डुकराचे डोळे रोही-चितळासारखे उजेडात चमकत नाहीत, अंग बुटकं, रंग रस्त्याचाच. पाय मोडला त्याचा. आम्ही सगळे नियम पिकअपसाठी केले होते, बाइकचा विचार कोणी केला नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

त्या रात्रीपुरतं म्हणाल तर एक वाजता मेथी सोडून गाडी काढायला पाहिजे होती. तो निर्णय भाऊच्या हातात नव्हता, कोणाच्याच नव्हता, गटात तसं ठरलेलंच नव्हतं की कोण म्हणणार "आता निघ". मेथीवाल्याचं नुकसान झालं असतं तर त्याने ड्रायव्हरला धरलं असतं. म्हणून ड्रायव्हर थांबला आणि नंतर पळवत सुटला.

कापसाची गाडी डिपर देत नाही हे दिसल्यावर भाऊने वेग कमी करायला हवा होता, तो स्वतःही म्हणतो. त्याऐवजी त्याने रागाने एकदा अप्पर मारला, आपण सगळेच मारतो, आणि दोघेही आंधळे झाले.

धडकेनंतर गर्दीला रस्त्यावरून खाली उतरवायला कोणी नव्हतं. चौघे-पाच जण वळणाजवळ डांबरावर उभे राहून वाद घालत होते, तेही धुक्यात. एकाने बॅटरी घेऊन वळणाच्या पलीकडे उभं राहायला पाहिजे होतं. पोराने ते केलं, पण अर्ध्या तासाने, वनरक्षकाने सांगितल्यावर.

आणि तुरीचं. गटात ठराव झाला की रस्त्याकडच्या पाच ओळींमध्ये तूर न पेरता मूग-उडीद किंवा सोयाबीन असं बुटकं पीक घ्यायचं, म्हणजे जनावर डांबरावर यायच्या आधी दिसेल. ठराव झाला तेव्हा सगळ्यांनी हात वर केले. जूनमध्ये पेरणी झाली तेव्हा तिघांनीच पाळला, बाकीच्यांची तूर आता कमरेला लागली आहे, रस्त्याच्या कडेपर्यंत. बांधकाम खात्याच्या अर्जाला पोच मिळाली आहे, बोर्ड अजून लागलेला नाही. भाऊने तोवर गटाच्या पैशातून चुन्याने झाडांच्या बुंध्यांवर पट्टे मारून घेतलेत, जिथून पस्तीस सुरू होतं आणि जिथे संपतं तिथे.